पटावरचं पोर गेलं कुठे? शाळा-कॉलेजातली गळती मोजण्याची रीत

दहावीचा निकाल पंच्याण्णव टक्के लागला की शाळेच्या दारात फलक लागतो. तो खोटा नसतो. पण ते पंच्याण्णव टक्के परीक्षेला बसलेल्यांचे असतात. पाचवीत ज्यांची नावं घातली होती आणि जी मधेच कुठेतरी गेली, ती मुलं या हिशोबात येतच नाहीत. सोलापुरात शिक्षणावर अभ्यास करणाऱ्या शिक्षकांनी, एम.एड.-पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी आणि संस्थाचालकांनी हा हिशोब कसा घालावा, ते इथे सांगितलं आहे. सगळ्याचा गाभा एकच: वर्गाच्या बेरजा बाजूला ठेवा आणि एकेक नाव धरून शेवटपर्यंत जा.

प्रश्न आधी लहान करा

‘सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक यशाचा चिकित्सक अभ्यास’ हा विषय समितीपुढे भारदस्त दिसतो, पण हाताला काही लागत नाही. जिल्ह्यात अकरा तालुके. मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू, इंग्रजी अशी माध्यमं. एकीकडे ऊसपट्टा, दुसरीकडे शहरातला विडी आणि यंत्रमागाचा पूर्व भाग. या सगळ्यांची एक सरासरी काढून कुणाचाच उलगडा होत नाही. त्यापेक्षा असा प्रश्न घ्या: पूर्व भागातल्या तीन शाळांत २०१८-१९ साली पाचवीत असलेल्या मुलांपैकी किती जण मार्च २०२४ च्या दहावीला बसले? शाळा, वर्ग, साल आणि शेवटचा टप्पा, चारही गोष्टी ठरलेल्या.

साल निवडताना कोरोनाची वर्षं डोळ्यांसमोर ठेवा. २०२१ साली दहावीची लेखी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षाशी कुठल्याही वर्षाची तुलना करून ‘घसरण’ किंवा ‘प्रगती’ दाखवणं व्यर्थ आहे. यूडायस प्लस, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी प्रणाली, तिचंही तसंच. २०२२-२३ पासून ही माहिती शाळेची एकत्रित न घेता विद्यार्थीनिहाय घेतली जाते. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच आलेखात जोडले, तर दिसणारा चढउतार मोजण्याची पद्धत बदलल्याचाही असू शकतो.

जनरल रजिस्टर कसं वाचायचं

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या आणि शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. ते बघण्याच्या परवानगीचं पत्र मुख्याध्यापकांच्या नावे द्या. जिल्हा परिषदेच्या शाळा असतील तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), माध्यमिकसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक), महापालिकेच्या शाळांसाठी तिथला शिक्षण विभाग. पत्रात कोणती रजिस्टरं, कोणती वर्षं आणि नावं बाहेर जाणार नाहीत हे स्पष्ट लिहा. रजिस्टर शाळेतच बसून उतरवायचं; मोबाइलवर पानांचे फोटो काढू नका, त्यात मुलांची जात, जन्मतारीख, आईचं नाव सगळं असतं.

एक्सेलमध्ये एका मुलाला एक ओळ. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक. नाव आणि क्रमांकाची जोडयादी वेगळ्या वहीत, आणि ती वही कुलुपात. पुढचे रकाने असे: रजिस्टर नंबर, जन्मतारीख, मुलगा-मुलगी, माध्यम, घरी बोलली जाणारी भाषा, दाखल झाल्याची तारीख आणि वर्ग, मग दर वर्षाचा एक रकाना. त्या रकान्यात पाचच खुणा चालवा: पुढच्या वर्गात गेला, त्याच वर्गात राहिला, दाखला नेला, दाखला न नेता गेला, मृत्यू. ‘इतर’ ही सहावी खूण ठेवलीत तर निम्मी मुलं तिथेच जाऊन बसतील.

मूल ओळखायला जन्मतारखेवर विसंबू नका. आपल्याकडे १ जून या एका तारखेला अख्खे वर्ग जन्मलेले असतात. शाळेत घालताना गुरुजींनी लावून दिलेली ती तारीख जुन्या रजिस्टरांत पानोपानी भेटते. नावंही दगा देतात. तेलुगू आडनावं देवनागरीत लिहिताना एका वर्षी जोडाक्षर पडतं, दुसऱ्या वर्षी सुटतं, तर कधी आडनाव आणि वडिलांचं नाव यांची अदलाबदल होते. रजिस्टर नंबर, आईचं नाव आणि जन्मतारीख या तिन्हींपैकी दोन जुळली तरच ते मूल एकच धरा.

शाळा सोडण्याचं कारण या रकान्याकडे फार आशेने पाहू नका. तिथे बहुतेक ठिकाणी ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच असतं, शेजारी ‘प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली’. शंभर मुलांना तोच शेरा असेल तर त्या शेऱ्यातून काही कळत नाही. तो टक्केवारीच्या तक्त्यात घालून ‘९० टक्के विद्यार्थी पालकांच्या इच्छेने शाळा सोडतात’ असा निष्कर्ष छापणारे प्रबंध निघतात, हे आपलं दुर्दैव.

गेलेली मुलं शोधणं आणि हिशोब

दाखला नेला म्हणजे मूल दुसऱ्या शाळेत गेलंच असं नाही. आणि दाखला नेला नाही म्हणजे शिक्षण सुटलंच, असंही नाही: शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा दोन्ही गटांतल्या प्रत्येक मुलाचा माग काढावा लागतो. आधी वर्गशिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सरकारी स्टुडंट पोर्टल, मग वर्गातली मुलं (त्यांना सगळं माहीत असतं), शेवटी घर. दुसऱ्या शाळेचं नाव मिळालं तर तिथे फोन करून खात्री करा. यूडायस क्रमांक अकरा आकडी असतो. पहिले दोन अंक २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढचे ३० म्हणजे सोलापूर. एकाच नावाच्या शाळा गावोगाव असल्याने हा क्रमांक लिहून घ्याच.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत. पाचवीत १२० मुलं होती. त्यातली ७८ याच शाळेतून दहावीला बसली. २७ जणांनी दाखला नेला, १५ दाखला न नेता गेली. शोध घेतल्यावर दाखला नेलेल्यांपैकी १९ दुसऱ्या शाळेतून दहावीला बसल्याचं कळलं, ३ घरी बसलेली सापडली, ५ जणांचा पत्ता नाही. न सांगता गेलेल्यांपैकी ९ जणांचं शिक्षण सुटलेलं निघालं, ६ बेपत्ता. म्हणजे गळती कमीत कमी १२ मुलं, १० टक्के. पत्ता न लागलेली ११ धरली तर २३ मुलं, १९.२ टक्के. अहवालात दोन्ही टोकं लिहा. मधला एक आकडा काढून तोच सत्य म्हणून सांगू नका.

याच शाळेत बसलेल्या ७८ पैकी ७४ पास झाले तर फलकावर ९४.९ टक्के लागणार. पण पाचवीच्या १२० पैकी या शाळेतून दहावी पास झाले ६१.७ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, छेद वेगळा आहे. वाद घालायचा तर छेदावर घाला.

आणखी एक फसवी जागा: आठवी-नववीत बाहेरून आलेली मुलं. चाळीस गेली, चाळीस आली, पट १२० चा १२०. वरवर पाहता गळती शून्य. म्हणून मूळ यादीत नसलेलं नाव या हिशोबात घ्यायचं नाही. त्यांची यादी वेगळी करा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेलीही वेगळी दाखवा, कारण त्यांची नियमित शाळा सुटलेली असते पण दहावी सुटलेली नसते.

हजेरी सगळ्यात आधी बोलते

शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी हजेरी विरते. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. त्यातले दहा टक्के, म्हणजे २० किंवा २२ दिवस जो गैरहजर, त्याला वेगळा काढा. वर्षाची सरासरी मात्र काढू नका, महिनावार बघा. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत खड्डा दिसला तर ऊसतोड असण्याची शक्यता मोठी. पंढरपूर-माळशिरस भागात आषाढीच्या आसपास, शहरात जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत हजेरी पडते. यात्रेचा खड्डा भरून येतो. ऊसतोडीचा पुष्कळदा येत नाही. आठवडी बाजाराचा वारही वेगळा तपासा.

हजेरीपत्रकाशेजारी शालेय पोषण आहाराची नोंद ठेवा आणि एक दिवस स्वतः डोकी मोजा. तीन आकडे जुळले तर पुढचं काम निर्धास्त करा. जुळले नाहीत तर कुणावर आरोप न करता तेवढंच लिहा आणि तुमची मोजणी वापरा.

कारण विचारायला घरी गेलात तर ‘शाळा का सोडली?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: आवड नव्हती. त्याऐवजी दिवस विचारा. शाळेत शेवटचं कधी गेली? त्या महिन्यात घरात काय चाललं होतं? सकाळी पहिलं कोण उठतं, पानं कोण कापतं, वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला कोण जातं? यंत्रमागाच्या घरात कांडी कोण भरतं, शिलाईच्या घरात धागे कोण तोडतं? आईला शिफ्ट मिळाल्यावर धाकटं भावंड सांभाळायला मुलगी घरी राहिली, हे अशाच उत्तरांतून बाहेर येतं. प्रश्न घरच्या भाषेत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये विचारणारा माणूस सोबत घ्या. तो त्या मुलाचा शिक्षक नसावा, नाहीतर पालक शिक्षकाला बरं वाटेल ते बोलतील.

नमुना: चारशेची जादू

‘९५ टक्के विश्वासार्हता, पाच टक्के चूक, म्हणून ३८४, म्हणजे साधारण चारशे मुलं’ हे गणित प्रत्येक प्रबंधात असतं. ते लागू पडतं मुलं सुटीसुटी चिठ्ठीने निवडली तर. आपण निवडतो शाळा, आणि एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तीच वस्ती. म्हणून चारशेचं वजन घटतं. किती घटतं ते असं काढा: एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, सारखेपणाच्या गुणांकाने (एका शाळेतली मुलं मुळीच सारखी नसतील तर ०, अगदी सारखी असतील तर १) गुणा, त्यात एक मिळवा. आलेल्या उत्तराने चारशेला भागा.

गुणांक ०.२ धरू. दहा शाळांतून चाळीस-चाळीस मुलं घेतली तर भाजक ८.८ आणि चारशे मुलं जेमतेम ४५ मुलांइतकी माहिती देतात. चाळीस शाळांतून दहा-दहा घेतली तर भाजक २.८, म्हणजे १४३. मुलं तेवढीच, माहिती तिप्पट. तेव्हा शाळा वाढवा, एका शाळेतली मुलं कमी करा. प्रवासाला पैसे नसतील तर सरळ कमी शाळा घ्या, पण निष्कर्ष त्या शाळांपुरताच लिहा आणि ‘जिल्ह्यात’ हा शब्द गाळा. संगणकाला तुमची मुलं कुठून आली ते कळत नाही. तो बिनदिक्कत काय-वर्ग (दोन गोष्टींचा संबंध तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) काढून देतो.

योजनेचा परिणाम बघताना

कच्ची वीस मुलं निवडली, दोन महिने जादा तास घेतले, गुण वाढले. तासांमुळेच वाढले का? सगळ्यात कमी गुण पडलेल्यांपैकी काहींचा तो दिवसच वाईट होता; काहीही न करता त्यांचे गुण पुढच्या चाचणीत थोडे वर येणारच. तुलनेला तशीच दुसरी मुलं हवीत. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ (कच्च्या मुलांना शिकवणाऱ्या वस्तीतल्या तरुणी) उपक्रमाची तपासणी याच रीतीने झाली: चिठ्ठीने ठरवून काही शाळांत तिसरीला, काहींत चौथीला बालसखी दिल्या आणि एकमेकींशी ताडून पाहिलं. तुमच्याकडे बारा तुकड्या आणि सहा तुकड्यांपुरतेच शिक्षक असतील, तर मुख्याध्यापकांसमोर चिठ्ठ्या टाका. उरलेल्या सहा तुकड्यांना पुढच्या सत्रात तास द्या, म्हणजे तक्रारही राहत नाही.

चिठ्ठी शक्य नसते तिथे दुहेरी फरक काढा. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली. प्रवेश वाढले म्हणून सवलत फळाला आली असं लगेच म्हणू नका. त्याच वर्षी जागाही वाढल्या असतील. त्याच अभ्यासक्रमात, त्याच प्रवर्गातल्या मुलग्यांचे प्रवेश किती वाढले ते मुलींच्या वाढीतून वजा करा.

कॉलेजचं वेगळं

इथे पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक, हाताशी असतो, त्यामुळे ओळख पटवणं सोपं. अडचण सुरुवातीच्या यादीची. बीए-बीकॉमला नाव घालून आयटीआय, डी.फार्मसी किंवा भरतीची वाट पाहणारी मुलं गणपतीपर्यंत निघून जातात. त्यांना गळती धरायचं का? प्रवेशाची अंतिम तारीख आणि पहिल्या सत्राचा परीक्षा फॉर्म, दोन्ही टप्प्यांवरचे आकडे द्या, वाचणारा ठरवील. पुढे प्रत्येक सत्राला चार रकाने: नोंदणी, फॉर्म भरला, परीक्षेला बसला, सगळे विषय सुटले. फॉर्म आणि परीक्षा यांच्या मधे मुलं गळाली तर कारण बहुधा फी किंवा काम. परीक्षा आणि निकालाच्या मधे अडकली तर एटीकेटीच्या (नापास राहूनही पुढच्या वर्षात नेलेल्या) विषयाचं नाव लिहा. सगळीकडे एकच विषय निघाला तर मुलांइतकंच त्या विषयाच्या शिकवण्याकडे बघा.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. अशांचा रकाना वेगळा करा. मात्र आवश्यक क्रेडिट पुरे झाले आणि प्रमाणपत्र खरंच हाती पडलं, त्यांनाच त्यात घ्या. नुसतं येणं बंद केलेल्यांना नाही.

छापण्याआधी तक्ते एकदा तपासा. एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी मुलं असतील तर आकडा झाकून शेजारच्या चौकटीत मिळवा. गाव लहान असतं. ‘आठवी, मुलगी, कन्नड माध्यम, १’ एवढ्यावर पोर ओळखू येतं. शाळेला द्यायचा अहवाल एका पानाचा, मराठीत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचता येईल असा करा. पत्ता न लागलेल्या मुलांची यादी मात्र मुख्याध्यापकांच्या हातात बंद पाकिटात द्या, आणि शक्यतो जूनच्या पहिल्या आठवड्यात, शिक्षक शाळाबाह्य मुलं शोधत वस्तीवर फिरतात त्याच्या आधी.