अस्वलापासून बचावासाठी पिस्तूल नेताय? या चुका टाळा

जून उजाडला की सिअ‍ॅटल, डेन्व्हर, बे एरियातल्या मराठी मंडळींचे ग्लेशियर, यलोस्टोन आणि अलास्काचे बेत ठरू लागतात. मग कुणीतरी विचारतंच, "वाटेत अस्वल आलं तर? पिस्तूल घ्यावं का?" प्रश्न वावगा नाही. अलास्कात नदीकाठी मासे धरणारे, माँटानात शिकारीला जाणारे कित्येक जण कमरेला किंवा छातीला पिस्तूल लावूनच जंगलात शिरतात आणि त्यामागे अनुभव असतो. पण नवख्या माणसाला वाटतं की पिस्तूल घेतलं म्हणजे तयारी झाली. खरं तर बचावाची ती अगदी शेवटची पायरी आहे, आणि बहुतेक चुका चाप ओढण्याच्या कितीतरी आधी होतात. दुकानात होतात, बॅग भरताना होतात, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तर व्हिसाच्या कागदावरच होतात.

व्हिसा न पाहता हत्यार हातात घेणं

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून आधी हीच. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ किंवा पर्यटक व्हिसावर अमेरिकेत असलेल्या माणसाला तिथल्या संघीय कायद्याप्रमाणे बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. काही अपवाद आहेत. नेहमीच्या वापरातला म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तो नसेल तर नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा, मग पिस्तूल स्वतःचं असो की मित्राने "धर जरा" म्हणून दिलेलं. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि व्हिसा व पुढे ग्रीन कार्डची आशा पणाला लागते ती वेगळीच. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व असलेल्यांना ही आडकाठी नाही. शिकार परवान्याच्या आधाराने पुढे जायचं असेल तर आधी वकिलाला विचारा, ग्रुपवरच्या सल्ल्यावर विसंबू नका.

बाकी कायदा जागेप्रमाणे बदलतो. फेब्रुवारी २०१० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणे बंदूक जवळ ठेवता येते. यलोस्टोन वायोमिंग, माँटाना आणि आयडाहो अशा तीन राज्यांत पसरलंय, तेव्हा तुम्ही उभे असाल त्या राज्याचा नियम लागू. व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीत मात्र हत्यार नेता येत नाही, आणि उद्यानात गोळी झाडणं बहुतेक ठिकाणी निषिद्धच आहे. ग्लेशियरला लागूनच कॅनडाचं वॉटरटन उद्यान आहे. तिथे पिस्तुलाचा विचारही करू नका. सिअ‍ॅटलहून गाडीने अलास्काला निघणाऱ्यांची वाटही कॅनडातूनच जाते, आणि गाडीत पिस्तूल टाकून त्या सीमेवर जाणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

पिस्तूल आहे म्हणून बेअर स्प्रे न घेणं

माझं मत विचाराल तर आधी स्प्रे (अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखट मिरचीचा फवारा), आणि मग वाटलंच तर पिस्तूल. हा भाबडा प्राणीप्रेमी सल्ला नाही, यामागे आकडे आहेत. अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या घटनांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्प्रेने तपकिरी अस्वलांचं नको ते वागणं ९२ टक्के वेळा थांबलं आणि काळ्या अस्वलांचं ९० टक्के वेळा. स्प्रे बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना अगदी जवळच्या सामन्यातही इजा झाली नाही. त्याच अभ्यासकांपैकी काहींनी २०१२ साली बंदुकींचा अभ्यास मांडला. १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना त्यांनी तपासल्या. पिस्तुलं ८४ टक्के वेळा कामी आली, लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के वेळा. पण खरी बोलकी गोष्ट पुढे आहे: ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांच्याजवळ असूनही वापरली गेली नाही, त्यांच्या इजांमध्ये फरक आढळला नाही.

हे दोन आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करणं बरोबर नाही, हेही सांगायला हवं. स्प्रेच्या कितीतरी घटनांत अस्वल नुसतं कुतूहलाने किंवा खाण्याच्या वासाने आलेलं होतं, तर बंदुकीच्या घटनांत बऱ्याचदा ते अंगावर धावून आलेलं. तरीही मित्राच्या अंगावर अस्वल बसलेलं असताना काय वापराल, याचं उत्तर मला एकच दिसतं. स्प्रे दोघांच्या डोळ्यांत गेला तरी मित्र जिवंत राहतो.

स्प्रेच्याही चुका आहेतच. घरगुती पेपर स्प्रे घेऊन जाऊ नका. अस्वलासाठीचा डबा निदान २२५ ग्रॅमचा असावा, फवारा किमान पंचवीस फूट जावा आणि निदान सहा सेकंद टिकावा. मुदत पाहून घ्या. उन्हात तापलेल्या गाडीत डबा ठेवू नका, फुटतो. विमानात तो ना हातातल्या सामानात चालतो ना चेक-इन केलेल्यात, म्हणून तिथे उतरल्यावर विकत घ्या किंवा भाड्याने मिळतो का ते पाहा. आणि मच्छरांच्या औषधासारखा तो तंबूवर किंवा बॅगेवर मारून ठेवू नका. वाळलेल्या मिरचीचा तो वास अस्वलाला उलट जवळ बोलावतो. योसेमिटीत मात्र स्प्रे न्यायला बंदी आहे. तिथे फक्त काळी अस्वलं आहेत आणि त्यांचं सगळं लक्ष तुमच्या खाण्यावर असतं.

हत्यार हाताशी नसणं

सप्टेंबर २०१८ मध्ये वायोमिंगच्या टीटन वाइल्डरनेसमध्ये एक शिकारी गाइड आणि त्याचा ग्राहक आदल्या दिवशी मारलेल्या एल्कचं (मोठ्या हरणाचं) मांस सोडवत होते. काम अवघड, म्हणून पाठीवरच्या बॅगा आणि पिस्तूल थोडं बाजूला काढून ठेवलेलं. दोन ग्रिझली (तपकिरी अस्वलांचाच प्रकार) आल्या, त्यातली एक सरळ अंगावर आली. ग्राहक पिस्तुलापर्यंत पोचला, पण त्याला गोळी झाडणं जमलं नाही. त्याने ते गाइडकडे फेकलं, ते पोचलं नाही. गाइडचा जीव गेला. तो या कामात मुरलेला माणूस होता. हत्यार काही पावलांवर होतं आणि ती पावलं टाकायला वेळ मिळाला नाही.

ग्रिझली ताशी छप्पन किलोमीटरच्या आसपास धावते. झुडपामागून तीस मीटरवर दिसली तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. आता घरी एक प्रयोग करून पाहा, पिस्तूल पूर्ण रिकामं करून, दोनदा तपासून. भरलेली ट्रेकिंग बॅग पाठीवर घ्या, कमरेचा पट्टा आवळा, छातीचा पट्टा लावा. पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) असेल तर बॅगेचा पट्टा त्याच्या मुठीवर बसलेला दिसेल. अंगठा आत घालायला आधी पट्टा वर ओढावा लागतो, मग होल्स्टरचं बटण, आणि वर पावसाचं जॅकेट असेल तर त्याची झिप. दोन सेकंद तिथेच संपले. म्हणूनच अलास्कातले लोक छातीवर तिरकं बसणारं होल्स्टर वापरतात. बॅग असो, वेडर्स (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारी) असोत की कंबरेइतकं पाणी, मूठ कायम तिथेच. चाप पूर्ण झाकणारं, घट्ट बसणारं होल्स्टरच घ्या. जॅकेटच्या खिशात सुटं पिस्तूल टाकणं हा अपघात आहे, फक्त अजून झालेला नाही.

स्प्रेही तसाच, दुसऱ्या हाताला सापडेल असा पट्ट्यावर. उजव्या हाताने काय आणि डाव्याने काय, हे पार्किंगमध्येच ठरवा. बॅगेच्या जाळीत पाण्याच्या बाटलीशेजारी खोचलेला स्प्रे ग्लेशियरच्या ट्रेलवर पावलोपावली दिसतो, आणि दर वेळी जीव कासावीस होतो.

मोठं कॅलिबर (गोळीचा व्यास) घेतलं की झालं, असं समजणं

दुकानात .५०० मॅग्नम रिव्हॉल्वर हातात घेतलं की भारी वाटतं. पण त्याचा झटका असा असतो की नवख्याची दुसरी गोळी आकाशात जाते. जे कॅलिबर तुम्ही पाठोपाठ नेम धरून झाडू शकता तेच तुमचं. अनुभवी लोकांमध्ये .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर आणि १० मिमी पिस्तूल हे दोन पर्याय पुन्हा पुन्हा दिसतात. ग्रीनलंडमध्ये ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात गस्त घालणारं डॅनिश सिरियस पथक १० मिमी ग्लॉक बाळगतं. रिव्हॉल्वरमध्ये गोळ्या कमी, पण अंगाला भिडवून झाडलं तरी ते चालतं. पिस्तुलाची नळी अस्वलाच्या अंगावर दाबली गेली तर स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे सरकून ते झाडलंच जाणार नाही, असं होऊ शकतं.

काडतुसांची चूक यापेक्षा जास्त आढळते. घराच्या रक्षणासाठीची होलो पॉइंट गोळी आत शिरताच फुलते आणि थांबते. माणसासाठी ती तशी बनवलेली असते. अस्वलाला जाड कातडी, चरबी, दाट स्नायू आणि उतरती कवटी असते. तिथे खोलवर जाणारी गोळी लागते, म्हणून कडक शिशाची चपट्या तोंडाची किंवा न फुलणारी जाड आवरणाची घ्या. आणि हे काडतूस तुमच्याच पिस्तुलात, तुमच्याच मॅगझिनमधून (गोळ्यांच्या पेटीतून) नीट चढतं का ते नेमबाजीच्या रेंजवर भरपूर गोळ्या झाडून पाहा. अडकायचं असेल तर रेंजवर अडकू दे. कुठलं काडतूस चालेल याबद्दल कंपनीची पुस्तिकाही वाचा, काही पिस्तुलांना उघड्या शिशाच्या गोळ्या वर्ज्य सांगितलेल्या असतात.

आणि एवढं करूनही अस्वल जागेवर कोसळेल असं धरू नका. मे २०१० मध्ये अलास्कातल्या डेनाली उद्यानात एका ट्रेकरने झाडीतून धावून आलेल्या ग्रिझलीवर .४५ पिस्तुलातून सुमारे नऊ गोळ्या झाडल्या. अस्वल वळून झाडीत गेलं आणि नंतर शंभरेक फुटांवर मेलेलं सापडलं. ते वळलं हे त्या माणसाचं नशीब. जागेवर थांबवायचं तर मेंदू किंवा मणका लागावा लागतो, आणि वर-खाली हिंदकळत येणाऱ्या डोक्यावर असा नेम साधणं किती कठीण आहे, हे कागदी लक्ष्यासमोर निवांत उभं राहून कळत नाही.

सराव फक्त उभं राहून, सावकाश

रेंजवर महिन्यातून एकदा पन्नास गोळ्या झाडल्या म्हणजे अस्वलाची तयारी झाली नाही. होल्स्टरमधून काढून पहिली नेमकी गोळी किती वेळात जाते ते घड्याळावर मोजा. हे एखाद्या प्रशिक्षकासमोर शिका, एकट्याने नको. एका हाताने झाडून पाहा, दुसरा हात अस्वलाच्या तोंडात असू शकतो. थंडीत वापरणार असाल तर हातमोज्यांसकट. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, झाडायला तयार) गोळी ठेवायची की नाही, हे आधी ठरवा आणि सराव त्याचप्रमाणे करा. चेंबर रिकामा ठेवला तर स्लाइड ओढायला दोन्ही हात लागतात.

अडकलं तर काय? मॅगझिन तळव्याने खालून ठोका, स्लाइड जोरात मागे ओढून सोडा, पुन्हा नेम धरा. हातांना हे विचार न करता यायला हवं. अलास्काच्या पावसात लोखंड गंजतं, म्हणून रोज संध्याकाळी पुसा, पण तेल थापू नका. कडाक्याच्या थंडीत जास्तीचं तेल घट्ट होऊन यंत्रणा संथ करतं. स्प्रेसाठी सरावाचे मिरची नसलेले डबे मिळतात. सेफ्टी क्लिप अंगठ्याने उडवायची सवय त्यावरच लावा, कारण ऐन वेळी क्लिप न निघाल्याने डबा हातातच राहतो.

प्रत्येक अस्वलाला शत्रू समजणं

धावून येणारं अस्वल बऱ्याचदा फक्त हूल देतं. फुसफुसतं, जबडा वाजवतं, जमिनीवर पंजे आपटतं आणि काही अंतरावरून वळतं. त्याला तुम्ही दूर जायला हवे असता. अशा वेळी घाईने झाडलेली गोळी हूल देणाऱ्या अस्वलाचं जखमी अस्वल करते. पळू नका. शांत आवाजात बोलत, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. आलंच तर साधारण नऊ मीटरवर, तोंडाच्या किंचित खाली फवाऱ्याचा ढग उभा करा म्हणजे ते त्यात शिरेल. वारा तुमच्याकडून वाहतोय का एवढं लक्षात असू द्या.

पिल्लं किंवा शिकार राखणाऱ्या ग्रिझलीने पकडलंच तर पोटावर पालथे पडा, बॅग पाठीवर राहू द्या, बोटं गुंफून मान झाका, पाय फाकवा म्हणजे ती उलथवू शकणार नाही. काळं अस्वल, किंवा दबकत माग काढत येणारं, रात्री तंबूत शिरणारं कुठलंही अस्वल असेल तर मात्र जिवाच्या आकांताने लढा. पिस्तूल खरं उपयोगी पडतं ते इथे.

यातलं बरंचसं टाळता येतं. तिघं-चौघं मिळून चाला, वळणावर आणि ओढ्याकाठी मोठ्याने बोला, बॅगेला बांधलेल्या घुंगरांवर विसंबू नका. स्वयंपाक तंबूपासून लांब, खाणं आणि टूथपेस्टसुद्धा बेअर कॅनिस्टरमध्ये, म्हणजे अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात. अस्वल दिसलं तर शंभर यार्डांचं अंतर, फोटोसाठीही कमी नाही. मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्या आपल्या विदर्भातल्या बायकाही एकमेकींना हाका मारतच रानात शिरतात, कारण अवचित समोर आलेली अस्वल तिथेही अशीच तोंडावर येते. मात्र तिथे अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेणं गुन्हा आहे, हे अमेरिकेतून सुट्टीवर येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

गोळी झाडल्यावर निघून जाणं

अलास्का सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीतली ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. जीव वाचवण्यासाठी मारली तर गुन्हा नाही, पण पाच दिवसांत कळवावं लागतं आणि चौकशी होतेच. अलास्कात बचावात मारलेल्या अस्वलाची नखांसकट कातडी आणि कवटी काढून राज्याकडे जमा करावी लागते. अस्वल जखमी होऊन गेलं असेल तर त्याच्या मागे जाऊ नका. आलात त्या वाटेने परत फिरा, वाटेत भेटेल त्याला थांबवा, आणि रेंजरला जागा, वेळ, किती गोळ्या झाडल्या आणि अस्वल कुठल्या बाजूला गेलं ते लगेच सांगा. त्याच ट्रेलवर मागून कुणाची तरी मुलं येत असतात.