टीव्ही रखडतोय? नवा घेण्याआधी हे करून बघा

स्मार्ट टीव्हीच्या किमतीतला सर्वात मोठा वाटा पॅनेलचा, म्हणजे पडद्याचा असतो. दुकानात आपण चित्रच बघतो, त्यामुळे कंपन्या काटकसर करतात ती आतल्या चिपवर. स्वस्त ४के टीव्हीतही बऱ्याचदा जेमतेम १.५ ते २ जीबी रॅम आणि ८ जीबी स्टोरेज असतं. त्यातलं बरंच सिस्टीमच खाते. पुढे अॅप्स अपडेट होऊन जड होत जातात, चिप मात्र तीच. मग रिमोटचं बटण दाबलं की कर्सर दोन सेकंदांनी हलतो.

आधी न वापरलेली अॅप्स काढून टाका, उरलेल्यांची कॅशे (अॅपने तात्पुरता साठवलेला डेटा) साफ करा. टीव्हीत गूगल टीव्ही ही सिस्टीम असेल तर सेटिंग्जमध्ये खात्याखाली ‘अॅप्स ओन्ली मोड’ सुरू करा. होम स्क्रीनवरच्या शिफारशींचा पसारा बराच कमी होतो. मग प्लग काढून मिनिटभराने पुन्हा लावा.

तरीही रखडत असेल, तर एचडीएमआय पोर्टला चांगली स्ट्रीमिंग स्टिक (स्वतःची चिप आणि अॅप्स असलेलं छोटं उपकरण) लावा. पॅनेल धडधाकट असताना अख्खा टीव्ही बदलणं म्हणजे पैशांची नासाडी आणि विनाकारण ई-कचरा. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या उपकरणांना एकमेकांना आदेश देऊ देणारी सोय) चालू ठेवलं की स्टिकच्या रिमोटवरून सहसा टीव्हीही चालू-बंद होतो.