घटस्फोटाचा वकील किती घेतो? आधी हे विचारा

घटस्फोटाची केस टाकायची म्हटलं की लोक पहिलं विचारतात, वकील किती घेईल. पण त्या फीत काय काय येणार हे कुणीच विचारत नाही, आणि पैसा तिथंच जातो.

आपल्याकडं बीड, परभणी, जालन्याला कुणी पूर्ण केसचे ठोक घेतं, कुणी सुरुवातीला काही आणि मग दर तारखेला. तारखेवारी असेल तर सरळ विचारायचं, जजसाहेब रजेवर असले, समोरचा आलाच नाही, तरी त्या दिवसाचे द्यायचे का? टायपिंग, झेरॉक्स, नोटरी यात धरलं की वेगळं? बोललेलं कागदावर घ्या आणि पैसे शक्यतो फोनपेनं द्या म्हणजे हिशोब राहतो. पोटगीतले इतके टक्के माझे असं कुणी म्हणलं तर उठून या, बार कौन्सिलच्या नियमात तसं चालत नाही.

खर्च खरा वाढतो तो केसेसच्या संख्येनं. रागाच्या भरात घटस्फोट, पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, नांदायला येण्याची केस, सगळं वेगवेगळं टाकतात आणि प्रत्येकाला वेगळा वकालतनामा, वेगळी फी. त्यात नवऱ्यानं लातूरला टाकली नि बायको माहेरी जालन्यात, तर केस जालन्याला बदलून घ्यायचा अर्ज हायकोर्टाच्या संभाजीनगरच्या खंडपीठात, म्हणजे बहुतेक अजून एक वकील. (एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे तेवढाच आधार.) म्हणून वकिलाला विचारा, यातली कोणती केस आत्ता खरंच लागते?

सगळ्यात स्वस्त म्हणजे संमतीनं. एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं, पण 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते सहा महिने कोर्ट माफ पण करू शकतं. पोटगी, दागिने, लेकरं कुणाकडं हे आधीच घरच्या चार माणसांत बसून लिहून काढलं की वकिलाचं काम निम्मं होतं. बरेच जण एकच वकील लावून फी वाटून घेतात, ते पटलेलं असेल तरच करा, नाहीतर दोघांचं दोन बरं.

बाईमाणसाला तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, एससी-एसटीलाही तसंच. ऑफिस जिल्हा कोर्टातच असतं, तालुक्याला समिती असते, 15100 वर फोन पण करता येतो. लोक म्हणतात फुकटचा वकील लक्ष देत नाही, तसे पैसे घेऊन लक्ष न देणारे काय कमी आहेत का? महाराष्ट्रात बायकांना घटस्फोट-पोटगीच्या केसला कोर्ट फी पण माफ आहे. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली, ज्याला कमाई नाही त्याला, बायको असो की नवरा, केसचा खर्च समोरच्याकडून मागता येतो. हा अर्ज सुरुवातीलाच टाकायला सांगा.

पुढची तारीख ईकोर्ट्स अ‍ॅपवर स्वतः बघत जा, त्यासाठी वकिलाच्या घिरट्या नकोत. ऊसतोडीला जाणार असाल तर निघायच्या आधीच वकिलाला सांगून ठेवा, म्हणजे तारखा तशा मागता येतील. आणि वकील बदलायचाच झाला तर फी बाकी आहे म्हणून त्याला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही.