सोलर, गीझर अन् बोअरचं जड पाणी: या चुका टाळा

डिसेंबर लागला, परभणी-नांदेडकडं पारा १० च्या खाली घसरला की घरोघरी एकच तक्रार सुरू होते, सोलरचं पाणी तापेना, गीझर लावला की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतंय, दोन वर्षांत मशीन गेलं, कंपनीच बोगस. कंपनीला शिव्या घालायच्या आधी नळाला पाणी कुठलं येतंय ते बघा. आपल्याकडं काळ्या पाषाणातल्या बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर, यालाच जड पाणी म्हणतेत, अन् पाणी जितकं जास्त तापवाल तितके ते जास्त बसतेत, ६० अंशांच्या वर तर लई झपाट्यानं. म्हणून गीझरचा काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवणं ही पहिली चूक. कढत पाणी काढून त्यात निम्मं गार मिसळायचंच आहे ना, मग ५०-५५ वर ठेवा, आंघोळीला भरपूर होतंय.

दोन-तीन वर्षं बोअरवर चाललेला गीझर मिस्त्री खोलतो तेव्हा एकदा जवळ उभं राहून बघाच. एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, पांढरा-पिवळट थर, नखानं निघत नाही असा, टाकीच्या तळाला खडीसारखी चुरी, अन् मॅग्नेशियमचा जो रॉड असतो त्याची नुसती तार उरलेली. लोकांना वाटतं थरामुळं बिल वाढलं, पण वीज तेवढीच जाते, खरं नुकसान वेगळंच होतंय, एलिमेंटवर गोधडी घातल्यासारखं होऊन त्याची उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही, ते आतल्या आत तापून तडकतं, मग करंट पाण्यात उतरायला लागतो अन् ईएलसीबी पडतं. आणि इथं लोकं सगळ्यात वाईट काम करतेत, सारखं पडतंय म्हणून ईएलसीबीच बायपास करून टाकतेत! अहो, ते पडतंय म्हणून तर घरातलं माणूस वाचतंय. एलिमेंट बदला, अन् अर्थिंग तपासून घ्या, आपल्या कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार वाळून जातो, त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं.

त्या मॅग्नेशियमच्या रॉडबद्दल कोणी सांगतच नाही. टाकीला लागणारा गंज तो स्वतःवर घेतो म्हणून टाकी टिकते, तो संपला की गंज टाकीला लागतो, अन् टाकी गळायला लागली की गीझर भंगारात. जड पाण्यात दरवर्षी हिवाळ्याच्या आधी खोलून बघायचा, झिजला असेल तर बदलायचा, त्याचा खर्च नव्या गीझरपुढं काहीच नाही. एलिमेंट साफ करायचं तर बाहेर काढून लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, थर आपोआप सुटतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका, स्टीललासुद्धा ते बारीक भोकं पाडतं.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब पाणी येतंय म्हणून काहीजण त्याला बूच मारतेत. पाणी तापलं की फुगतं, थोडं ठिबकणारच, ते बंद केलं तर टाकी फुटू शकते. सारखीच धार लागली असेल तर व्हॉल्व्ह बदला, पण बूच नाही म्हणजे नाही.

आता सोलर. जड पाण्याला काचेच्या नळ्यांचंच घ्या, तांब्याच्या पाइपांच्या सपाट पॅनलमध्ये क्षार साचले की रस्ताच बंद होतो, नळ्या निदान काढून धुता तरी येतेत. तोंड दक्षिणेला पाहिजे, अन् हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो तेव्हा पाण्याच्या टाकीची नाहीतर शेजारच्या जिन्याची सावली पडती का ते डिसेंबरातच बघा, मे महिन्यात बघून काही कळत नाही. टँकर दुपारी आला म्हणून भर उन्हात रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, काच तडकते, भरायचं ते सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळल्यावर. वरची हवेची नळी कधीच बंद करायची नाही, ती तुंबली तर पाणी उतरताना टाकी आत पिचकू शकते. उन्हाळ्यात गरम पाणी कोणी वापरत नाही, टाकीत ते उकळायला लागतं अन् क्षार सगळ्यात जास्त तेव्हाच बसतेत, त्यामुळं मार्च संपला की अर्ध्या नळ्यांवर शेडनेट टाका.

बिलाचा विषय खरा इथं आहे. सोलरच्या टाकीतला विजेवरचा बॅकअप हीटर लोकं २४ तास चालू ठेवतेत. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साडेचार युनिटच्या वर वीज लागते. रात्री आंघोळी झाल्या, हीटरनं टाकी परत तापवून ठेवली, मग दिवसभराच्या उन्हाला तापवायला काय उरलं? टायमर लावा, पहाटे घंटाभर पुरे, तेही ढगाळ दिवस असला तरच. अन् गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) घ्या, साधा पीव्हीसी नरम पडून वाकतो, वरून इन्सुलेशनही चढवा, नाहीतर गच्चीवरून बाथरूमपर्यंत येईस्तोवर पाणी कोमट, अन् तोपर्यंत सोडलेलं बादलीभर गार पाणी मोरीत, तेही आपल्या दुष्काळी भागात.

गॅस गीझर घेणार असाल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आत बेशुद्ध पडलं तरी बाहेर कळत नाही. खिडकी आहे, एक्झॉस्ट आहे म्हणून आत बसवू का असं दुकानदाराला विचारू नका, थंडीत ती खिडकी कोणीच उघडी ठेवत नाही.