माहेरचे आडनाव सापडले: इंग्लंडच्या जुन्या विवाहनोंदींचा माझा अनुभव

माझ्या यजमानांचे आजोळ लँकशायरचे. १८५१ च्या जनगणनेत त्यांच्या पूर्वजाची पत्नी केवळ ‘मेरी’ म्हणून आढळे. तिचे माहेरचे आडनाव मिळेना. नुसत्या वराच्या नावाने विवाहसूची चाळली, तर एकाच नावाचे अनेक वर निघाले, कारण १९१२ पूर्वीच्या सूचीत जोडीदाराचे आडनाव दिलेलेच नाही. दोन वर्षे अशी गेली आणि मी फार हताश झाले.

शेवटी उपयोगी पडलेला क्रम असा. प्रथम जनगणनेतून मुलांची वये व जन्मगावे टिपली. मग जनरल रजिस्टर ऑफिसच्या (तिथल्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदणीच्या सरकारी कार्यालयाच्या) ऑनलाइन जन्मसूचीत, जिथे १८३७ पासूनच्या नोंदींना आईचे माहेरचे आडनाव जोडलेले आहे, तीन मुले शोधली. तिन्ही ठिकाणी आडनाव एकच निघाले. त्यानंतर फ्रीबीएमडी या, अशा सूची मोफत शोधू देणाऱ्या संकेतस्थळावर वर व वधू यांच्या नोंदी वेगवेगळ्या काढून तिमाही, जिल्हा, खंड आणि पृष्ठ हे चारही जुळवले व त्याच संदर्भाने दाखला मागवला. त्यावर सहीच्या जागी मेरीने काढलेली फुली आहे, आणि वडिलांच्या रकान्यात त्यांचे नाव व व्यवसाय: विणकर.

त्या नावावरून १८४१ च्या जनगणनेत तिचे माहेर सापडले. तिथे पंधरा वर्षांवरील वये बहुधा खालच्या पाचाच्या पटीत लिहिलेली असतात, म्हणून ‘२०’ दिसल्यास २० ते २४ धरावे.