मागच्या अंगणात पाणी तुंबतंय? आधी ते कुणाचं ते बघा

पुण्यात सहकारनगरातलं आमचं घर १९७६ सालचं. मागचं अंगण २० बाय १४ फूट, पूर्वी मातीचं. सासूबाईंची तुळस, एक कढीपत्ता आणि पावसाळाभर चिखल. १९९८ मध्ये त्या चिखलाला कंटाळून आम्ही सगळीकडे शहाबादी घातली. चिखल गेला आणि पाणी आलं. माती निदान थोडं प्यायची, फरशी थेंब पीत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर भागात माणसं दगावली, संसार वाहून गेले. त्यापुढे आमच्या स्वयंपाकघरात शिरलेलं घोटाभर पाणी सांगण्याच्या लायकीचंही नाही. पण रात्री दोनला ते सुपलीनं उपसताना मी ठरवलं की याचा एकदा निकाल लावायचा.

गवंडी येतो आणि पहिलं वाक्य टाकतो, ‘काकू, सगळी फरशी उखडू, नवा ढाळ काढू.’ लगेच हो म्हणू नका. एक जोराचा पाऊस अंगणात उभं राहून बघा. मी छत्री आणि बॅटरी घेऊन उभी राहिले आणि कढीपत्त्याची पानं पाण्यावर सोडली. पानं कुंपणाकडे जायच्या ऐवजी मागच्या दाराकडे आली, आणि सगळ्यात जोरात आली ती गच्चीचा पाइप जिथे अंगणात सुटतो तिथून. दुसऱ्या दिवशी डबक्यांच्या कडा कोळशानं आखून ठेवल्या. उन्हाळ्यात गवंड्याला दाखवायला हाच नकाशा उपयोगी पडतो.

मग हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं अंगण २६ चौरस मीटर, म्हणजे इंचभर, २५ मिलिमीटर पावसाला ६५० लिटर. गच्चीचा मागे उतरणारा भाग ६० चौरस मीटर, त्याचे १,५०० लिटर. म्हणजे पाचशेच्या तीन टाक्या कुणीतरी अंगणात ओतत होतं, आणि दोष मात्र फरशीला! तेव्हा पहिलं काम गच्चीच्या पाण्याचं. ते अंगणात सोडायचंच नाही. पाइपाच्या तोंडाला बेंड लावून चार इंची पीव्हीसी पाइप घराच्या बाजूनं पुढे रस्त्याकडच्या पावसाळी गटारापर्यंत न्यायचा, दहा फुटाला सव्वा इंच उतार द्यायचा. जिथे वळण तिथे छोटं चेंबर हवंच, नाहीतर पानं अडकली की पाइप फोडावा लागतो.

इथे एक कबुली. २०१९ नंतर घाईघाईनं मी एका प्लंबरकडून हा पाइप मागच्या ड्रेनेजच्या चेंबरात सोडून घेतला होता. दोन तासांत, स्वस्तात काम झालं. पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज यायला लागला आणि मग जे वर आलं त्याचं वर्णन करत नाही. मैलापाण्याची लाइन संडास-बाथरूमच्या पाण्यापुरती असते. तिच्यात गच्ची ओतली की ती भरते आणि जिथे सगळ्यात खालचं तोंड सापडेल तिथून उलटी येते. पावसाचं पाणी ड्रेनेजला जोडायचं नाही, कुणी कितीही सोपं आहे म्हटलं तरी.

आता फरशी. काम व्हायला २०२२ चा मे उजाडला. मधली दोन वर्षं कशात गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या फरशीवरच नवी बसवायचा मोह टाळा. अंगण दोन-अडीच इंच वर येतं आणि पाण्याला घरात यायला पायरीच मिळते. जोत्यापासून अंगण निदान सहा इंच खाली राहिलं पाहिजे. शहाबादी पहारीनं जपून काढली तर बरीचशी परत वापरता येते. आमच्या पन्नासातल्या आठ फुटल्या.

ढाळ घरापासून कुंपणाकडे. शहाबादी खडबडीत असते, म्हणून दहा फुटाला दीड इंच धरा, म्हणजे चौदा फुटाला दोन इंचांहून किंचित जास्त. हा उतार डोळ्यांनी दिसत नाही, तेव्हा गवंड्याच्या नजरेवर सोडू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची लेव्हल घ्यायची आणि दोरी बांधायची. नळीत बुडबुडा राहिला की आकडा खोटा. आमच्याकडे पहिल्या दिवशी तसंच झालं, पाऊण इंचाची चूक निघाली. मी बोट ठेवून बुडबुडा दाखवला तर मिस्त्री म्हणाला, ‘पाणी आपली वाट शोधतं काकू.’ शोधतं ना, माझ्या ओट्याखाली.

कुंपणाच्या अलीकडे आडवी पन्हळ केली, सहा इंच रुंद, एका टोकाला तीन इंच खोल, दुसऱ्या टोकाला सहा. वर उचलता येईल अशी लोखंडी जाळी. ती सिमेंटमध्ये पक्की करायला निघाले होते, मी थांबवलं. पन्हळीच्या खालच्या टोकाला दीड फुटाचं चेंबर. त्यातून बाहेर जाणारा पाइप तळाला नाही, तळापासून सहा इंच वर. गाळ खाली बसतो, वरचं पाणी पुढे जातं. मात्र तळात पाणी साचून राहतं, म्हणून पाऊस उघडला की ते मगानं उपसून काढते, नाहीतर डासांची सोय.

शोषखड्डा करावा असं मलाही वाटत होतं. आधी फूटभर रुंदीचा खोल खड्डा खणून पाण्यानं भरून बघा. मुरूम असेल तर पाणी हळूहळू उतरतं. आमच्याकडे तीन फुटांवर काळा पाषाण लागला आणि सकाळचं पाणी संध्याकाळीही तसंच होतं. पुण्यात हे खूप ठिकाणी होतं. त्याऐवजी कुंपणालगतची फरशीची एक ओळ काढून तिथे माती ठेवली आणि गवती चहा लावला. चमत्कार होत नाही, पण थोडं पाणी तिथे मुरतं. तुमच्याकडे मुरूम लागला तर खड्डा जरूर करा, फक्त घराच्या पायापासून दहा फूट लांब.

२०२२ च्याच १७ ऑक्टोबरच्या रात्री पुण्याला पावसानं झोडपून काढलं. मी पुन्हा बॅटरी घेऊन उभी. पानं कुंपणाकडे गेली. उंबरा कोरडा.

मृगाच्या आधी आणि मग दर पंधरा दिवसांनी जाळी उचलून चेंबर साफ करते. यंदा निघालेला ऐवज: दीड घमेलं गाळ, कपड्यांचे सात चिमटे आणि शेजारच्या मुलांचा टेनिस बॉल, ज्यावरून एप्रिलमध्ये भांडण झालं होतं.