जुना सिंथ संगणकात उतरवायचाय? पट्ट्या दाबायचं काम सॉफ्टवेअरला द्या

हार्डवेअर सिंथेसायझरचा आवडता टोन लॅपटॉपमध्ये हवा असेल, तर त्याचा एकेक सूर रेकॉर्ड करायचा, कापायचा, नाव द्यायचं आणि सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले सूर पट्ट्यांवर वाजवणारं सॉफ्टवेअर) योग्य पट्टीवर बसवायचा. हाताने करायला बसलात तर पन्नासाव्या सुरापर्यंत कंबर धरते, आणि तोवर बोटाचा जोरही पहिल्यासारखा राहिलेला नसतो. ही हमाली संगणक बिनतक्रार करतो. मिडीतून (वाद्यं आणि संगणक यांच्यातली आज्ञांची भाषा) तो सिंथला सूर वाजवायला सांगतो, ठरलेला वेळ थांबतो, पट्टी सोडायला सांगतो, आलेला आवाज फाइलमध्ये भरतो आणि पुढच्या सुराकडे वळतो. याला ऑटोसॅम्पलिंग म्हणतात. मात्र कुठले सूर, किती जोराने, किती वेळ, हे त्याला आधी आपणच सांगायचं असतं. सॅम्पल्सची (रेकॉर्ड केलेल्या सुरांची) लायब्ररी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, सॉफ्टवेअरमुळे नाही.

उदाहरणाला दोन यंत्रं घेऊ. यामाहा डीएक्स७ (१९८३) हा एफएम पद्धतीचा, एका वेळी १६ सूर वाजवणारा. रोलँड जुनो-१०६ (१९८४) अ‍ॅनालॉग फिल्टरचा, ६ सुरांचा. दोघांचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकाचं सेटिंग दुसऱ्याला चालत नाही.

जोडणी

ऑडिओ इंटरफेसच्या मिडी आउटमधून केबल सिंथच्या मिडी इनमध्ये. सिंथच्या आउटपुटमधून केबल इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये. माइक इनपुटमध्ये नको. दोन्हीकडे मिडी चॅनल एकच ठेवा. डीएक्स७ ला आउटपुट एकच, मोनो आहे, त्यामुळे रेकॉर्डिंगही मोनोच करा. स्टिरिओत केलंत तर फाइल दुप्पट होईल आणि हाती काहीच जास्त लागणार नाही.

आता काहीही न वाजवता हेडफोनचा आवाज वाढवून ऐका. ‘हूं’ असा जाड घुमारा येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा; घुमारा गेला तर अर्थिंगचा घोळ आहे, मग सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या. जपानहून आलेला सिंथ १०० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे त्याला ट्रान्सफॉर्मर लावावाच लागतो. तो ट्रान्सफॉर्मर ऑडिओ केबलपासून लांब ठेवा. आत्ता ऐकू येणारी खरखर पुढे प्रत्येक सॅम्पलमध्ये जाईल, आणि पाच सुरांची खरखर एकत्र वाजली की वाढून समोर येईल.

व्हीसीओ (व्होल्टेजवर चालणारे अ‍ॅनालॉग ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी सर्किटं) असलेला सिंथ चालू करून अर्धा तास तरी तापू द्या, नाहीतर खालचे सूर आणि वरचे सूर वेगवेगळ्या तपमानाला रेकॉर्ड होऊन बेसूर निघतील. जुनोचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर चालतात, त्यामुळे तिथे ही काळजी कमी.

टोन आधी उघडा करा

आर्पेजिएटर, पोर्टामेंटो, डिले, रिव्हर्ब हे सगळं बंद. पिच बेंड मध्यावर, मॉड्युलेशन व्हील शून्यावर. रिव्हर्बसकट सॅम्पल घेतलं तर चार सुरांच्या कॉर्डला चार वेगवेगळ्या खोल्या ऐकू येतात. रिव्हर्ब नंतर प्लगइनमधून घालता येतो, घातलेला काढता येत नाही.

एलएफओचं (सुराला संथ लयीत हलवणाऱ्या ऑसिलेटरचं) दुखणं जरा वेगळं आहे. तो स्वतःच्या लयीत फिरत असतो, त्यामुळे प्रत्येक सॅम्पल त्याच्या वेगळ्याच टप्प्यावर सुरू होतं. शिवाय सॅम्पलर एखादं सॅम्पल तीन सेमीटोन (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर वाजवतो तेव्हा त्याचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि त्यातलं व्हायब्रेटोही तितकंच घाईला येतं. म्हणून व्हायब्रेटो इथे बंद करा आणि सॅम्पलरच्या एलएफओने परत घाला.

जुनोचा कोरस (आवाज जाड आणि पसरट करणारा इफेक्ट) हा मात्र धर्मसंकटाचा भाग. त्या सिंथचा अर्धा जीव त्या कोरसमध्ये आहे हे खरं, पण त्याला सूं करणारी खरखरही आहे. माझं मत: कोरस बंद ठेवून मोनोत सॅम्पल करा आणि कोरस प्लगइनने द्या. मन मानतच नसेल तर कोरससकट स्टिरिओत घ्या, पण मग दर तीन सुरांना एक न घेता प्रत्येक पट्टी रेकॉर्ड करा, म्हणजे कोरसचा वेग पट्टीगणिक बदलणार नाही.

हिशेब मांडा

६१ पट्ट्यांचा कीबोर्ड म्हणजे मिडी क्रमांक ३६ ते ९६. दर तीन सेमीटोनला एक सॅम्पल घेतलं तर ३६, ३९, ४२ असे २१ सूर होतात. प्रत्येक सॅम्पल आपल्या खालची एक आणि वरची एक पट्टी सांभाळतं, म्हणजे एकाच सेमीटोनची ओढाताण होते आणि ती सहसा कानाला कळत नाही. बास आणि पॅड (लांब, भरून राहणारे टोन) या अंतरावर निवांत चालतात. पियानोसारख्या टोनला दोन सेमीटोन बरे.

आता व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबण्याचा जोर. जुनो-१०६ च्या पट्ट्या हळू दाबा किंवा जोरात, आवाज तोच येतो. तिथे एकच थर (एका जोराला घेतलेली सॅम्पल्स) पुरे. चार थर घेणं म्हणजे तेच सूर चारदा रेकॉर्ड करणं. डीएक्स७ मध्ये जोराने नुसता आवाज मोठा होत नाही, त्याचा पोतच बदलतो. त्याच्या इलेक्ट्रिक पियानोत हलक्या हाताला गोल घुमारा येतो आणि जोराने वाजवलं की काचेवर टिचकी मारल्यासारखी किणकिण. एकच सॅम्पल लहानमोठं करून हे साधत नाही. इथे चार थर घ्या, पण डोळे मिटून समान अंतरावर नकोत. मधला एक सूर १० च्या टप्प्यांनी १० पासून १२० पर्यंत वाजवून ऐका. ज्या आकड्यांच्या आसपास रंग पालटतो तिथे थर जवळजवळ ठेवा, बाकी ठिकाणी विरळ.

२१ सूर, ४ थर, म्हणजे ८४ सॅम्पल्स. प्रत्येकाला ५ सेकंद धरून ठेवणं आणि ३ सेकंद शेपूट (पट्टी सोडल्यावर विरणारा आवाज) धरली तर ६७२ सेकंद, सव्वाअकरा मिनिटं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो असं घेतलं तर जेमतेम ९७ एमबी. याउलट ६१ च्या ६१ पट्ट्या आणि ८ थर घेतले तर तासाच्या वर जातं आणि मोनोतच साधारण ५६० एमबी होतात. हावरटपणा करण्याआधी हे आकडे समोर ठेवा. शेपटीचे ३ सेकंद मात्र टोन ऐकून ठरवा: आधीचा सूर पूर्ण विरला नसेल तर तो पुढच्या सॅम्पलच्या डोक्यावर चढून बसतो.

सॉफ्टवेअर

मॅकवर लॉजिक प्रो आणि मेनस्टेजमध्ये ऑटो सॅम्पलर आहे. सुरांची व्याप्ती, दर किती सुरांना एक, किती वेळ धरायचं, किती थर, राउंड रॉबिन (एकाच सुराची आळीपाळीने वाजणारी सॅम्पल्स), ऑटो लूप एवढं भरलं की काम सुरू होतं. विंडोजवर सॅम्पलरोबोट हे याच कामासाठी बनलेलं सॉफ्टवेअर आहे. अकाईच्या एमपीसीतही ऑटोसॅम्पलर येतो. एफएल स्टुडिओचं डायरेक्टवेव्ह प्लगइनचे टोन आपोआप सॅम्पल करून देतं, बाहेरच्या यंत्राचे नाही.

यातलं काहीच नसेल तरी अडत नाही. रीपरसारख्या कुठल्याही डीएडब्ल्यूमध्ये (संगीत रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) एक मिडी ट्रॅक करा, त्यात ८४ सूर बरोबर ८-८ सेकंदांच्या अंतराने मांडा, प्रत्येकाची लांबी ५ सेकंद ठेवा. टेम्पो ६० ठेवलात तर एक मात्रा म्हणजे एक सेकंद, मोजायला सोपं. दुसऱ्या ट्रॅकवर सिंथचा आवाज एका दमात रेकॉर्ड करा. अंतर समान असल्याने नंतर ८ सेकंदांच्या ग्रिडवर एकाच आज्ञेत सगळे तुकडे पडतात. ज्यांना पायथन येतं त्यांच्यासाठी मायडो आणि साउंडडिव्हाइस या दोन लायब्रऱ्यांवर हेच काम छोट्याशा स्क्रिप्टमध्ये होतं, आणि फाइलला नावंही आपोआप पडतात.

पातळी लावून धावू द्या

सिंथचा व्हॉल्यूम पूर्ण किंवा जवळपास पूर्ण ठेवा. डीएक्स७ सारख्या जुन्या डिजिटल यंत्राची खरखर व्हॉल्यूम कमी असताना जास्त टोचते. मग सर्वांत मोठा वाजणारा सूर शोधा. तो बरेचदा खालच्या सप्तकात, १२७ व्हेलॉसिटीला मिळतो. तो उणे ६ ते उणे १२ डेसिबलच्या मध्ये बसेल असा इंटरफेसचा गेन लावा आणि त्यानंतर त्या नॉबला हात लावू नका.

पूर्ण रेकॉर्डिंगआधी खालचा, मधला, वरचा असे तीन सूर चालवून बघा. ते ठीक वाटले की सुरू करा आणि खोलीतून बाहेर जा. जुनोवर मात्र पहिली फेरी कान देऊन ऐका. त्यात सहा आवाज-सर्किटं आहेत आणि यंत्र पाळीपाळीने त्यांना काम देतं. त्यांच्या चिपा वयानुसार जातात हे सर्वज्ञात आहे. एखादी गेलेली असेल तर दर सहावा सूर खरखरतो किंवा गप्प राहतो. एकवीस सुरांत ठरावीक अंतराने तीन-चार फाइली खराब निघाल्या, तर दोष केबलमध्ये शोधू नका.

कापणं आणि नाव देणं

मिडीतून आज्ञा गेली आणि आवाज परत आला, यात काही मिलिसेकंद जातात. त्यामुळे प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला बारीकशी शांतता असते. ‘आवाज या पातळीवर गेला की तिथून कापा’ असं सॉफ्टवेअरला सांगितलं तर टकटकीत टोन नीट कापले जातात, पण हळू उमलणाऱ्या पॅडचा पहिला श्वासच उडतो. त्यापेक्षा एखाद्या तीक्ष्ण टोनवर हा उशीर एकदा मोजा आणि सगळ्या फाइलींतून तेवढाच भाग कापा.

नॉर्मलाइज (सर्वांत मोठा आवाज ठरावीक पातळीला आणणं) करायचं असेल तर सगळ्या फाइली एकत्र, एकाच मापाने. वेगवेगळ्या केल्यात तर हलका सूर आणि जोरकस सूर सारख्याच उंचीचे होतील, आणि व्हेलॉसिटीचे थर घेण्याची मेहनत पाण्यात.

फाइलीच्या नावात सुराच्या अक्षराऐवजी मिडी क्रमांक लिहा. ६० नंबरच्या सुराला यामाहा ‘सी ३’ म्हणते आणि रोलँड ‘सी ४’. या गोंधळात अख्खा टोन एक सप्तक खाली किंवा वर बसतो. शार्पची खूणही नावात नको, काही प्लेयर तिथे अडखळतात.

लूप आणि मांडणी

पाच सेकंदांपेक्षा लांब वाजणाऱ्या टोनला लूप लागतो, म्हणजे सॅम्पलचा एक भाग पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो. जुनोच्या स्थिर सॉटूथ लहरीला, फिल्टर हलत नसेल तर, थोडकाच भाग पुरतो. पल्स विड्थ (लहरीची रुंदी) हलणाऱ्या पॅडला मात्र ती हालचाल पूर्ण एकदा फिरून येईल इतका लांब लूप हवा, जोडावर क्रॉसफेड देऊन. ऑटो लूपने शोधलेली जागा प्रत्येक सुरावर ऐका. खालच्या सुरांवर तो हमखास टक्क करतो. विरून जाणाऱ्या पियानोला लूप देऊच नका, त्याऐवजी सूर जास्त वेळ धरून ठेवा.

कुठल्याही एका सॅम्पलरला न बांधलेला, खुला फाइलप्रकार हवा असेल तर एसएफझेड घ्या. ती साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक सॅम्पलसाठी मूळ सूर, खालची-वरची पट्टी आणि व्हेलॉसिटीची हद्द लिहायची. ‘स्फोर्झांडो’ नावाचा प्लॉगचा मोफत प्लेयर ती वाजवतो. पट्टी सोडल्यावरचं विरणं सॅम्पलरच्या रिलीजमधून द्या, कारण वाजवणारा बरोबर पाचव्या सेकंदालाच हात उचलेल असं नाही.

मग कीबोर्डवर क्रोमॅटिक, सावकाश, एकेक पट्टी वाजवा. जिथे दोन सॅम्पल्सची सीमा आहे तिथे रंग एकदम उडी मारतोय का ते बघा. मारत असेल तर तेवढेच दोन-चार मधले सूर पुन्हा रेकॉर्ड करून भरा, सगळं नव्याने करायची गरज नाही.

लायब्ररी दुसऱ्यांना द्यायची असेल तर एक फरक लक्षात घ्या. कोर्ग एम१ किंवा रोलँड जेव्ही-१०८० सारख्या यंत्रांच्या आवाजाचं मूळ कंपनीने आत भरलेली रेकॉर्डिंग्ज आहेत. ती आपल्या गाण्यात वाजवणं वेगळं आणि त्यांच्या सॅम्पल्सचा संच विकणं वेगळं. दुसरं करू नका.

आणि केबल काढण्याआधी सिंथमधले पॅच (साठवलेले टोन) सिसएक्समधून (मिडीवरून यंत्राचा स्वतःचा डेटा पाठवण्याची पद्धत) संगणकावर उतरवून घ्या. या दोन्ही यंत्रांची स्मृती आतल्या बॅटरीवर टिकते आणि बॅटरी संपली की पॅच जातात. डीएक्स७ च्या ३२ टोनचा पूर्ण डंप ४,१०४ बाइट्सचा आहे. मिडीच्या वेगाने त्याला दीड सेकंदही लागत नाही.